मुले झोपली की अंतर कापावे, हा सल्ला ऐकू नका

आपण विचारले आहे की चार आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन दहा-बारा दिवसांचा गाडीचा प्रवास करायचा आहे, वाटेत तंबूत मुक्काम करायचे आहेत, तर रोज किती किलोमीटर जावे, मुलांना गाडीत कसे गुंतवावे, आणि ‘रात्री मुले झोपली की अंतर कापून घ्या’ हा नातेवाइकांचा सल्ला कितपत योग्य आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी कदाचित लिहायला बसले नसते. तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला राहवले नाही, कारण नेमके हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि ते चूक आहे हे त्याला आजवर पटवू शकलेले नाही.

रात्री अंतर कापू नये, आणि तंबूत राहणाऱ्या कुटुंबाने तर मुळीच कापू नये, असे माझे ठाम मत आहे. तंबूत पहाटे पाच-साडेपाचलाच उजेड शिरतो, मुले उठतात आणि त्यांच्यामागे आपल्यालाही उठावे लागते. म्हणजे रात्री साडेदहा वाजता गाडी चालवत असलेला माणूस त्या वेळी १७ तास जागा असतो, आणि इतका वेळ सलग जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे झोपेवरच्या संशोधनातून दिसून आलेले आहे. मद्य घेतलेल्या माणसाच्या गाडीत आपण मुलांना बसवणार नाही. मग जागरण झालेल्या माणसाच्या गाडीत कसे बसवतो? ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे सरकते. चार सेकंदांची डुलकी लागली, तर मागच्या सीटवरच्या मुलांसकट ती गाडी १०० मीटर अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना जाते. खिडकी उघडून किंवा मोठ्याने गाणी लावून ही डुलकी टळत नाही.

‘मुले झोपलेली असल्यामुळे त्यांना त्रास होत नाही’ हे दुसरे समर्थनही मला मान्य नाही. गाढ झोपलेल्या मुलाकडे एकदा मागे वळून नीट पाहावे. मान छातीवर पडलेली असते, खांद्यावरून जाणारा पट्टा काखेखाली गेलेला असतो, आणि कंबर पुढे घसरल्यामुळे खालचा पट्टा पोटावर चढलेला असतो. तो पट्टा कमरेच्या हाडांवर राहावा अशी त्याची रचना असते. पोटावर आलेला पट्टा अपघातात मुलाला वाचवण्याऐवजी आतून इजा करू शकतो.

आता ज्या रात्रीवरून आमचा वाद आजही संपलेला नाही, तिच्याविषयी सांगते. आम्ही दोन गाड्यांनी निघालो होतो. एकीत दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुले, दुसरीत मी, माझे पती आणि आमची मुलगी व मुलगा. ठरलेल्या मुक्कामी आम्ही दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. दादाने गाडीतून न उतरताच नकाशा पाहिला आणि म्हणाला, “अजून दोनशे किलोमीटर सहज होतील. मुलांना सातला खाऊ घालू, ती झोपतील, आणि उद्याचा दिवस हलका होईल.” मी नकार दिला. “तुझ्या या मुक्कामांमुळे रोज अर्धा दिवस वाया जातो,” असे म्हणून तो पुढे गेला. वहिनींना जायचे नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, पण दोन भावंडांच्या वादात त्या पडल्या नाहीत.

ज्याला दादा वाया गेलेला अर्धा दिवस म्हणतो, त्यात काय घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते. आम्ही सर्वांनी मिळून आधी ती जागा पायांखाली घातली. वर वाळलेली फांदी लटकत असलेले एक मोठे झाड होते, ते सोडून दिले. किंचित उंचावरची, पाणी एका बाजूला निघून जाईल एवढाच उतार असलेली जागा निवडली आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल असा तंबू फिरवला. मेखा ठोकण्याचे काम तेव्हा नऊ वर्षांच्या असलेल्या माझ्या मुलीचे होते. मेख सरळ ठोकली तर वाऱ्याने ती दोराबरोबर उपटून येते. टोक जमिनीत तंबूच्या दिशेने आणि डोके तंबूपासून दूर झुकलेले, अशी ती तिरपी ठोकावी लागते, म्हणजे दोर जितका ओढतो तितकी ती जमिनीला घट्ट धरते. मुलीने एक मेख खडकावर आपटून वाकवली, ती काढली, वीतभर बाजूला दुसरी ठोकली आणि दोर हाताने ओढून पाहिला. मुलगा लहान होता, त्याच्याकडे मेखांची पिशवी होती. त्याने एकेक मेख मोजून बहिणीच्या हातात द्यायची आणि सकाळी मोजूनच परत घ्यायची, असा आमचा नियम होता. स्वयंपाक उजेडात झाला, जेवण उजेडात झाले, आणि अंधार पडायच्या आत मुलांना तंबूपासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट पाठ झाली होती. रात्रीच्या मुक्कामात लहान मुलाला जी भीती वाटते ती बहुतेक या न पाहिलेल्या वाटेची असते.

मध्यरात्रीनंतर वादळी पाऊस आला. तंबूचे वरचे कापड शिडासारखे फुगू लागले, तेव्हा आम्ही दोघे डोक्याला दिवे लावून बाहेर गेलो, वाऱ्याकडचे दोर पुन्हा ताणले आणि आत आलो. मुले जागी झाली नाहीत.

दादाचे कुटुंब त्या रात्री अकरानंतर पुढच्या ठिकाणी पोहोचले. सातपासून गाडीत झोपलेली मुले तिथे टक्क जागी झाली, आणि दिवसभर गाडी चालवून थकलेल्या आईबापांनी हेडलाइटच्या प्रकाशात तंबू उभारायला घेतला. हेडलाइटचा प्रकाश जमिनीला समांतर पडतो. त्यात लांब सावल्या दिसतात, पण जमिनीचा उतार कळत नाही. त्यांना एक छान सपाट, मऊ, वाळूची जागा सापडली. तो कोरडा ओहोळ होता. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तंबूच्या तळाखालून पाणी वाहू लागले, अंथरुणे भिजली, आणि ते चौघे उजाडेपर्यंत ओल्या कपड्यांनी गाडीत बसून राहिले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

दादा आजही म्हणतो की पाऊस कोणावरही पडू शकतो. पाऊस आम्हा दोघांवरही पडला होता. परंतु वाळू, गोलसर झालेले दगड, झुडपांच्या खोडांना एकाच उंचीवर अडकलेल्या वाळक्या काड्या आणि गवत, या सगळ्या पाणी वाहून गेल्याच्या खुणा आहेत आणि दिवसाउजेडी त्या नऊ वर्षांच्या मुलालाही दाखवता येतात. अशा ओहोळात पाणी येण्यासाठी आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागतोच असेही नाही. वरच्या डोंगरात कुठेतरी पडला तरी पुरतो. त्या रात्री चुकली ती पोहोचण्याची वेळ.

माझे खरे दुःख पुढचेच आहे. त्यानंतर धाकटा भाचा तंबूत झोपायला तयार होईना, उरलेला प्रवास त्यांनी हॉटेलांत मुक्काम करून पूर्ण केला, आणि ‘लहान मुलांना तंबू झेपत नाही’ असा निष्कर्ष दादाने काढून टाकला. तो आमच्या नात्यात इतक्यांना सांगितला गेला की मुले लहान असलेली आमची दोन-तीन चुलत भावंडे या प्रवासाच्या वाटेलाच गेली नाहीत. मुलांना तंबू उत्तम झेपतो. मोठ्यांची घाई त्यांना झेपत नाही. आपले नातेवाईक आपल्याला जे सांगत आहेत, त्यातून ही घाईच आपल्या प्रवासात शिरेल, म्हणून मी इतके सविस्तर लिहीत आहे.

रोज किती किलोमीटर, याचे उत्तर मी आकड्याने द्यायला नाखूश आहे. मुक्कामी पोहोचण्याची वेळ आधी ठरवा, ती सूर्यास्ताच्या किमान अडीच तास आधीची असू द्या, आणि तिथून उलटे मोजत या. सकाळी मुलांचे आवरून, तंबू वाळवून व गुंडाळून निघायला साडेआठ-नऊ वाजतात. दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटांची विश्रांती हवी आणि दुपारी तासाभराचा थांबा हवा. एवढे वजा केल्यावर प्रत्यक्ष गाडी चालवायला चार ते पाच तास उरतात. चांगल्या रस्त्यावर त्यात अडीचशे-तीनशे किलोमीटर होतात, घाटात त्याच्या निम्मेही होत नाहीत. एवढ्याने आपले ठिकाण गाठता येत नसेल तर जवळचे ठिकाण निवडा. शिवाय दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाच जागी दोन रात्री राहा. रोज तंबू मोडून पुन्हा उभारणाऱ्या कुटुंबाची चिडचिड चौथ्या दिवशी हमखास सुरू होते.

मुलांना गुंतवण्यासाठी टॅब देऊ नये असे मला वाटते, आणि त्यामागे शिस्तीपेक्षा शरीराचे कारण आहे. आतला कान सांगतो की आपण हलत आहोत, डोळ्यांसमोरचा पडदा सांगतो की आपण स्थिर आहोत, आणि या विसंगतीतून मळमळ होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक होतो, म्हणजे आपली दोन्ही मुले त्या वयात आहेत. पुस्तकानेही तेच होते. त्यांना खिडकीतून दूरचे दिसेल अशा उंचीवर बसवा आणि नऊ वर्षांच्या मुलाला पुढच्या थांब्याचे अंतर मोजण्याचे काम द्या. बाकी गाडीत कंटाळा येणे हा काही आजार नाही.

थंडीबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते, कारण मुले रात्री रडतात ती पुष्कळदा थंडीने. अंगावर कितीही पांघरले तरी खालची जमीन उष्णता ओढून घेते, आणि स्लीपिंग बॅगेचा अंगाखाली दबलेला भाग हवा धरून ठेवू शकत नसल्याने उपयोगी पडत नाही. म्हणून पांघरुणापेक्षा खालच्या जाड मॅटवर खर्च करा. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांची स्लीपिंग बॅग दिली तर पायाकडची रिकामी बाजू दुमडून खाली घाला, नाहीतर ती पोकळी गरम करण्यातच त्याची ऊब जाते. झोपण्यापूर्वी दिवसाचे सगळे कपडे, मोजेसुद्धा, बदलून कोरडे घालावेत. तंबूच्या हवेच्या झडपा थंडी वाजते म्हणून बंद करू नयेत. श्वासातली वाफ आत साचते आणि पहाटे अंथरूण ओले होते. शेगडी किंवा निखारे तर कोणत्याही परिस्थितीत तंबूच्या आत नेऊ नका, विझत आलेलेसुद्धा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून सर्वांनी पत्र्याच्या छपराच्या बंद गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही.

काही गोष्टी मात्र वरच्या विधानांना जोडून वाचाव्यात. अतिशय उष्ण प्रदेशात आठ वाजता झोपून, पुरेशी झोप घेऊन पहाटे अंधारात निघणे योग्य असते, आणि मी ज्याला विरोध करते तो रात्रीचा प्रवास हा नव्हे. गाडी चालवणारे दोघे आहेत म्हणून रात्री जाता येईल, असेही कोणी सांगेल. पण मुलांबरोबर दिवस काढलेला दुसरा माणूसही तितकाच वेळ जागा असतो. तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी माझे दोन तासांचे गणित कमाल मर्यादा समजावे, कारण बाळाच्या सीटमध्ये मान पुढे पडून श्वास अडखळू शकतो, म्हणून त्याला अधूनमधून बाहेर काढून सपाट निजवावे लागते. उभ्या बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे सोडू नये. उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढते आणि काच थोडी खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. मळमळीचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे, आणि ते दिल्यावर मूल किती पेंगते हे निघण्याच्या आधीच घरी पाहून ठेवावे.

निघण्यापूर्वी एखाद्या सुट्टीत घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र तंबूत काढा, आणि तंबू मुलांना उभारू द्या, मग कितीही वेळ लागो. त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा रोजच्या मुक्कामाच्या हिशेबात धरा. नातेवाइकांनी पुन्हा अंतराचा विषय काढला तर त्यांना किलोमीटर सांगू नका. किती वाजता थांबणार ते सांगा आणि त्यावर ठाम राहा.