साखळीत पहिली नोंद कोण करतो?

वेष्टनावर ‘ब्लॉकचेनवर नोंदवलेले’ असे छापलेले असेल तर माल खात्रीचा समजावा का?

तेवढ्यावरून नाही. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांची (ब्लॉकची) साखळी, जिच्या प्रती सहसा अनेक संगणकांवर असतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक ठसा असतो. त्यामुळे जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली की पुढची साखळी जुळेनाशी होते. पण साध्या कापसाची नोंदच ‘सेंद्रिय’ म्हणून झाली असेल, तर ते खोटेही तितक्याच चोखपणे जपले जाते. माल प्रत्यक्ष कोणी तपासला आणि नोंद कोणाच्या सहीने झाली, हे कंपनीला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या छापील ओळीला माझ्या लेखी किंमत नाही.

मग ग्राहकाचा फायदा काय?

शोध लवकर लागतो, आणि हा फायदा मोठा आहे. वॉलमार्ट आणि आयबीएम यांच्या चाचणीत कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग काढायला आधी जवळपास सात दिवस लागत. ब्लॉकचेनवर तेच काम 2.2 सेकंदांत झाले. दूषित अन्न बाजारातून परत मागवताना ते सात दिवस लोकांच्या जिवावर बेततात. मात्र वाटेतल्या प्रत्येकाने वेळच्या वेळी नोंद केली तरच हे साधते, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

सगळ्या कंपन्या एकत्र का येत नाहीत?

स्पर्धकाच्या व्यवस्थेत आपला व्यवहार उघडा करायला कोण धजावेल? जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएम यांनी 2018 मध्ये जहाज वाहतुकीसाठी ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेन व्यासपीठ सुरू केले. संपूर्ण उद्योगाचे अपेक्षित सहकार्य मिळाले नाही, म्हणून 2022 मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली.

कंपनीची स्वतःचीच ब्लॉकचेन असेल तर?

सगळे नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, तिच्याच ताब्यात असतील तर साखळी नव्याने लिहिणेही तिच्याच हातात. बाहेरच्यांकडे प्रत नसेल, तर तो कंपनीचा खासगी डेटाबेसच.

क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे आभासी नाण्यांची खरेदी-विक्री करणारे बाजार, ‘प्रूफ ऑफ रिझर्व्हज’ म्हणजे ग्राहकांची नाणी आपल्याकडे असल्याचा दाखला दाखवतात. ते पुरेसे आहे का?

नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळल्यावर असे दाखले देण्याची लाटच आली. पण त्या दिवशी वॉलेटमध्ये किती नाणी होती, एवढेच त्यातून कळू शकते. ती उसनी आणली होती का, साखळीबाहेर कर्ज किती आहे, हे कळत नाही. अमेरिकेतील लेखापरीक्षण नियामक पीसीएओबीने मार्च 2023 मध्ये गुंतवणूकदारांना बजावले, की असे अहवाल म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. पैसे ठेवण्याआधी देण्यांसह पूर्ण ताळेबंदाचे स्वतंत्र लेखापरीक्षण मागा.