पावत्यांवरची वेळ

दोन वर्षांपूर्वी गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात शुभदाताई पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने बदलले आहेत.) वय त्रेचाळीस, नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात, घर भांडुपला, घरात पती, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. येण्याला निमित्त झाले होते एका पातेल्याचे. दारावर आलेल्या बोहारणीला जुने कपडे देताना सासूबाईंनी गाठोडे उलगडून पाहिले, तर त्यात दोन कुडते अगदी कोरे निघाले. किमतीचे लेबलसुद्धा काढलेले नव्हते. त्या रात्री घरात बोलाचाली झाली आणि पलंगाच्या पेटीतून, कपाटाच्या माळ्यावरून असेच आणखी कपडे बाहेर आले. "मॅडम, सेलची पाटी दिसली की मला राहवत नाही," त्या म्हणाल्या, "हा मानसिक आजार आहे का, एवढेच मला सांगा."

आषाढ सरला की हा प्रश्न दरवर्षी तीन-चार जणी तरी विचारतात, क्वचित पुरुषही विचारतात. खरेदीची अनावर ओढ ही काही मोबाइलच्या काळाची देणगी नव्हे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तिचे वर्णन करून ठेवले आहे. मात्र अशी ओढ आणि सेलमध्ये झालेला अतिरेक यांत फरक आहे. खरेदीपायी कर्ज वाढत असेल, ठरवूनही हात थांबत नसेल, खरेदी केली नाही तर जीव कासावीस होत असेल किंवा मुळात मन दीर्घकाळ उदास असेल, तर मी विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. शुभदाताईंच्या बाबतीत कार्डाचे बिल वेळेवर भरले जात होते, झोप आणि काम सुरळीत होते. लपवण्याची गोष्ट तेवढी मी वहीत टिपून ठेवली.

खर्च किती झाला, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "यंदा मी निदान वीस हजार वाचवले." मी खर्च विचारला होता आणि उत्तर बचतीचे आले होते. पुन्हा विचारल्यावर "दहा-बारा हजार असतील" असा अंदाज निघाला. न वापरलेले सगळे कपडे आणि सापडतील तेवढ्या पावत्या घेऊन पुढच्या वेळी या, असे मी सुचवले.

त्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन आल्या. टेबलावर सतरा नग मांडले गेले. त्यांत तीन गडद निळे कुडते होते, तिन्हींवर पांढरी बुट्टी; वेगवेगळ्या दुकानांतून, तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले. पेटीत दाबून ठेवलेल्या एका टसर साडीच्या घडीवर बुरशीची पांढुरकी रेघ उमटली होती, कारण मुंबईच्या पावसाळ्यात बंद पेटीतल्या रेशमाचे दुसरे काय होणार? पावत्यांची बेरीज त्यांनी स्वतःच केली, खात्री पटेना म्हणून पुन्हा केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. एकतीस हजार चारशे साठ.

२०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी एक भेद करून दाखवला आहे: वस्तू उपयोगी पडल्याचा आनंद वेगळा आणि सौदा चांगला झाल्याचा आनंद वेगळा. दुसरा आनंद दुकानातच भोगून संपतो; वस्तू तेवढी घरी येते. शुभदाताईंना हे समजावून द्यावे लागले नाही. दिवाळीला एकाच थानातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवून घेणाऱ्या आईच्या त्या कन्या होत्या, आणि स्वस्तात चांगले मिळवणे ही त्यांच्या माहेरी कर्तबगारी समजली जात असे. ती कर्तबगारी मला मोडून काढायची नव्हती.

खरा उलगडा पावत्यांनीच केला. छापील पावतीवर तारखेशेजारी वेळ असते, आणि ती सहसा कोणी वाचत नाही. सव्वीस पावत्यांपैकी एकोणीस सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारच्या होत्या आणि त्या सगळ्या संध्याकाळी पावणेसात ते पावणेआठ या वेळातल्या, दादर पश्चिमेच्या. "या वारी काय असते?" मी विचारले. "मुलीचा क्लास," त्या म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या.

कार्यालय सुटल्यावर त्या साडेसहाच्या सुमारास दादरला उतरत, आणि क्लास सुटायचा आठला. मुलीने रात्रीच्या गर्दीत एकटीने भांडुपपर्यंत येऊ नये म्हणून त्या थांबत. उन्हाळ्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसता येई. पाऊस सुरू झाला की कट्टा गेला. हॉटेलात एका चहावर दीड तास बसू देत नाहीत, बिल पुढ्यात येतेच. उरले दुकान: उजेड, गारवा, आरसा आणि "या ताई, बघा तरी" म्हणणारे कोणीतरी. या शहरात दमलेल्या बाईने पैसे न मोजता तासभर कुठे टेकावे, याची सोय आपण केलेलीच नाही, आणि हा माझा राग या कहाणीपेक्षा जुना आहे. त्यात चातुर्मासात लग्नसराई थंडावते, सणासुदीचा माल येण्याआधी उन्हाळ्याचा माल दुकानदाराला काढून टाकायचा असतो, म्हणून सेल लागतात तेही नेमके याच पावसाच्या दिवसांत. मनावर ताबा कसा ठेवावा, असे लोक मला विचारतात. मी आधी पाय कुठे जातात ते बघते.

म्हणून पहिला उपाय बसण्याच्या जागेचा ठरला. क्लासमध्ये चौकशी केल्यावर कळले की मागच्या बाजूला पालकांसाठी बाके होती. दोन वर्षांत शुभदाताईंनी कधी विचारलेच नव्हते. तिथे बसून त्या मेथी निवडू लागल्या.

सेल टाळा, असे मी सांगितले नाही. पुढच्या वर्षी ज्येष्ठात त्यांनी कपाट रिकामे करून जे खरोखर संपले होते त्याची यादी केली: ऑफिससाठी एक कुडता, पांढरी सलवार, मुलीची जीन्स, सासूबाईंची सुती साडी. संध्याकाळी नव्हे, तर शनिवारी सकाळी, न्याहारी करून, मुलीला सोबत घेऊन जायचे ठरले, कारण मुलगी तोंडावर खरे बोलते. आकड्यांचा सरावही आम्ही केला. "३० टक्के आणि वर २० टक्के" म्हणजे ५० नव्हे: दोन हजारांचे चौदाशे होतात आणि त्या चौदाशेवर २० टक्के सुटून अकराशे वीस उरतात, म्हणजे सूट ४४ टक्क्यांची. "दोन घ्या, तिसरा मोफत" ही ३३ टक्के सूट झाली, तीही तिन्ही हवे असतील तरच. लेबलावरची खोडलेली किंमत हाताने झाकायची आणि उरलेल्या किमतीला हा कपडा सेल नसताना घेतला असता का, हे स्वतःला विचारायचे, ही युक्ती त्यांना सर्वांत जास्त भावली. मोबाइलवर "शेवटची दहा मिनिटे" असे उलटे घड्याळ दिसले तर वस्तू रात्रभर तशीच ठेवायची; अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या क्लृप्त्यांमध्ये गणली आहे. "माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. नुसता रंग आवडेनासा झाला तर मात्र हा कायदा मदतीला येत नाही, म्हणून शिवण आणि माप तिथेच, उजेडात बघून घ्यायचे.

लपवण्याचा भाग सर्वांत अवघड होता आणि त्याला तीन भेटी लागल्या. अखेर त्यांनी एकतीस हजार चारशे साठ हा आकडा पतींना स्वतःच वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पातेले मात्र चांगले मिळाले होते." त्या दिवसापासून पिशव्या दारातून उघड आत येऊ लागल्या.

गेल्या आषाढात त्या सहज भेटायला आल्या. सोबत पावती होती. यादीत चार वस्तू होत्या, पावतीवर पाच. पाचवा होता गडद निळा कुडता, पांढऱ्या बुट्टीचा, आणि तोच त्यांच्या अंगावर होता. मी काही बोलण्याआधीच त्यांनी पावतीच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. शनिवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे.