जायरोक्लायस्ट्रॉन शिकून पोट भरेल का?

डोंबिवलीच्या एका आईंचं पत्र आलंय. मुलगा ईएक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) थर्ड इयरला, पुढच्या वर्षी कॅम्पसला आयटीवाले येणार, आणि हा म्हणतो मला जायरोक्लायस्ट्रॉनवर काम करायचंय. "घरात कोणाला नीट उच्चारही जमत नाही, यात नोकरी तरी असते का?" असं त्या विचारतात.

ताई, आधी ते आहे काय ते सांगतो, म्हणजे निम्मी भीती जाईल. तुमच्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन असतो ना, त्याच्याच खानदानातली ही व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे हवा काढून टाकलेली नळी, पण फारच मोठ्या घरची. जोरदार मॅग्नेटिक फील्डमध्ये इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतात, एका टेस्लाला साधारण 28 गिगाहर्ट्झ या वेगाने. आता गरब्याचा फेर डोळ्यासमोर आणा. ट्यूबमधल्या मायक्रोवेव्ह लहरीकडून ज्याला एनर्जी मिळते तो आइनस्टाइनच्या नियमाने जड होऊन मागे रेंगाळतो, ज्याची जाते तो हलका होऊन पुढे सरकतो, असं होता होता सगळे एका बाजूला गोळा होतात आणि मग तो घोळकाच्या घोळका आपली एनर्जी लहरीला देऊन टाकतो. साध्या ट्यूबमध्ये फ्रीक्वेन्सी वाढली की आतले भाग इतके बारीक होतात की जास्त पॉवरला तापून खराब होतात, इथे आतली पोकळी मोठी ठेवता येते. याचाच भाऊ जायरोट्रॉन, तो स्वतःच लहर तयार करतो; फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रोजेक्टला असे 170 गिगाहर्ट्झचे, एकेक मेगावॉटचे जायरोट्रॉन लागतात. तुमच्या मुलाचा जायरोक्लायस्ट्रॉन म्हणजे अॅम्प्लिफायर, आपण दिलेला सिग्नल मोठा करतो, म्हणून रडारवाल्यांना तो हवा असतो. अमेरिकन नेव्हीच्या लॅबने 94 गिगाहर्ट्झचं असं रडार बनवलंय.

आता नोकरीचं. खरं सांगू, दारं मोजकीच आहेत. पिलानीची सीरी ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्था (तिथे 42 गिगाहर्ट्झ, 200 किलोवॉटच्या जायरोट्रॉनवर काम झालं), गांधीनगरचं प्लाझ्मा रिसर्च इन्स्टिट्यूट, बंगळुरूला डीआरडीओची मायक्रोवेव्ह ट्यूबची लॅब आणि बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स). बनारसच्या आयआयटीत या ट्यूबवर वर्षानुवर्षं रिसर्च चालतो. म्हणजे बीई करून लगेच पगार, हे इथे होत नाही हो, आधी गेट ही प्रवेश परीक्षा, मग एमटेक, बहुतेकदा पीएचडी, आणि तोवर बरोबरीची मुलं ठाण्याला फ्लॅट बुक करून मोकळी होतात, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा.

पण नाही म्हणू नका. यातलं शिक्षण म्हणजे आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र), व्हॅक्यूम, हाय व्होल्टेज, आणि ते वाया जात नाही. पवईला आयआयटीच्या आवारात समीर नावाची सरकारी मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहे, ती कॅन्सरच्या ट्रीटमेंटचे लिनॅक (इलेक्ट्रॉनना वेग देणारी यंत्रं) बनवते, त्यातही मायक्रोवेव्ह पॉवरच लागते. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूललाही गेटचा स्कोर चालतो. गेट तर द्यायचीच आहे, मग कॅम्पसला बसायला काय जातंय, ऑफर हातात असली की घरातलं बीपी पण खाली राहतं.

माझी एकच अट. या मे महिन्यात त्याने मॅग्नेटिक फील्डमध्ये फिरणाऱ्या शंभरेक इलेक्ट्रॉनचं सिम्युलेशन पायथॉनमध्ये लिहायचं, त्यांचा घोळका होताना दिसेपर्यंत, आणि इंटर्नशिपसाठी समीरला मेल टाकायचा. व्हिडिओ बघून आवड निर्माण झालेली असेल तर चौथ्या दिवशी कंटाळेल. जेवायला हाक मारून मारून तुम्ही थकलात, तर मात्र बनारसच्या गाड्यांचं टाइमटेबल बघायला लागा.