विद्यापीठाचा जमाखर्च आणि घरचा पाव, यातलं एकच धरायचं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर पत्रापेक्षा सोबत पाठवलेली वहीची दोन पानं मी जास्त वेळ बघत बसले. तू अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजची फी वाढली तेव्हापासून विद्यापीठांना पैसा येतो कुठून आणि जातो कुठे याचा तू पिच्छा पुरवतेयस, घरी पाव नि केक करतेस आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवतेस, शिवाय सायकल खोलून परत जोडणं, पक्षी बघणं आणि घराचा महिन्याचा हिशोब हेही तुझ्याचकडे. घरचे म्हणतात ही सगळी धरसोड आहे, एक काहीतरी धर. म्हणून तुझे प्रश्न असे की बेकिंगचा कोर्स करू का, विद्यापीठाच्या फंडिंगमध्ये खरंच काही नोकऱ्या असतात का, आणि उरलेलं सगळं सोडून देऊ का.

धरसोड करणाऱ्या मुलांची पत्रं मला येतात, ती अशी नसतात गं. त्यांच्याकडे सलग तीन महिन्यांच्या नोंदी नसतात. तुझ्याकडे आहेत.

आता त्या पानांकडे येते. पहिल्या पानावर पाव आहे, पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३२५, मीठ १०, यीस्ट ५, आणि शेजारी टक्के लिहिलेत १००, ६५, २, १. बेकरीवाले असंच मांडतात, पीठ कायम १०० धरायचं आणि बाकीचं त्याच्या टक्क्यांत, त्यामुळे बेरीज १६८ येते आणि नवख्याला वाटतं काहीतरी चुकलंय, पण फायदा असा की एक पाव करा नाहीतर शंभर, प्रमाण बदलत नाही आणि दोन रेसिपी शेजारी ठेवून लगेच कळतं कुठलं पीठ सैल आणि कुठलं घट्ट. दुसऱ्या पानावर तुझ्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालातून काढलेला तक्ता आहे आणि तिथे तू काय केलंयस बघ, पगाराचा खर्च १०० धरलास आणि वीज, इमारती, लायब्ररी, प्रयोगशाळा सगळं त्याच्या टक्क्यांत काढलंस! हे तुला कुणी शिकवलेलं नाही, स्वयंपाकघरातली रीत तू आपोआप तिकडे नेलीस. आणि दोन्ही पानांवर शेवटचा रकाना एकच आहे, ‘का?’ असा.

माझं सगळं उत्तर या रकान्यावर उभं आहे. तुझ्या आवडी पाच असतील पण त्यात तू करतेस ते काम एकच आहे, आत काय घातलं, किती प्रमाणात घातलं, आणि बाहेर आलं ते तसंच का आलं हे शोधणं. करिअर निवडताना बहुतेक मुलं विषयाचं नाव बघतात, मी तुला सांगेन कामाचा प्रकार बघ, कारण नोकरीत दिवसाचे आठ तास विषयाचं नाव नसतं, काम असतं.

फंडिंगचं आधी बोलू, कारण तिथे तू एका प्रश्नावर अडकलीयेस आणि तो प्रश्न फार चांगला आहे. तू लिहिलंयस की विद्यापीठाकडे एवढा मोठा निधी पडून आहे मग फी का वाढवतात. हे बघ, विद्यापीठाचे पैसे साधारण चार-पाच वाटांनी येतात, सरकारी अनुदान, विद्यार्थ्यांची फी, संशोधनासाठी मिळालेल्या ग्रँट, देणग्या आणि त्यातून उभा राहिलेला कायमचा निधी ज्याला एंडोमेंट म्हणतात, आणि मग वसतिगृह, परीक्षा, सल्लासेवा असं किरकोळ. गोम अशी की हे सगळे पैसे एकाच रंगाचे नसतात. एखाद्या दात्याने अमुक विषयाच्या प्राध्यापकपदासाठी पैसे दिले तर त्यातून गळकं छत दुरुस्त करता येत नाही. एंडोमेंटच्या मुद्दलाला सहसा हात लावायचा नसतो, दरवर्षी त्यातला ४ ते ५ टक्क्यांच्या आसपासचा भाग खर्चाला काढतात म्हणजे महागाई वजा जाऊनही निधी पुढच्या पिढ्यांना पुरावा, आणि तो काढलेला भागसुद्धा बराचसा ठरलेल्या कामांनाच बांधलेला असतो. संशोधनाच्या ग्रँटचं तर वेगळंच, प्रयोगाचा खर्च मिळतो पण त्या प्रयोगशाळेची वीज, साफसफाई, हिशोब ठेवणारा माणूस याचा खर्च, म्हणजे ओव्हरहेड, देणारी संस्था कधी पूर्ण देते कधी अर्धवट, आणि अर्धवट दिला तर तो फरक विद्यापीठाला दुसरीकडून भरावा लागतो, म्हणून संशोधनाचा पैसा खूप आला की विद्यापीठ श्रीमंत झालं असं धरून चालू नकोस. तुझ्या तक्त्यात ‘एकूण निधी’ असा एकच आकडा आहे, त्याचे दोन भाग कर, कुठेही वापरता येणारा आणि ठरलेल्या कामालाच वापरता येणारा. अहवालाच्या मागच्या टिपांमध्ये हे सापडतं, पुढच्या रंगीत पानांवर नाही. हे दोन आकडे वेगळे झाले की तुझं अर्धं कोडं सुटेल.

उरलेलं अर्धं म्हणजे खर्च का वाढत जातो. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये संगीत-नाटकाच्या संस्थांचा खर्च अभ्यासताना एक गोष्ट मांडली, चार वादकांना एखादी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, पण कारखान्यात मात्र तेवढ्याच तासांत कितीतरी जास्त माल निघतो आणि तिथले पगार वाढतात, मग वादकांचेही पगार वाढवावे लागतात नाहीतर तो धंदाच कुणी करणार नाही. शिकवण्याचं तसंच आहे. वीस जणांच्या वर्गात नीट चर्चा करायला लागणारा तास हा तासच राहतो, तुझ्या पिठाला फुगायला जेवढा वेळ लागतो तेवढा तुला द्यावाच लागतो तसं. आता फीवाढीचं सगळं कारण हेच आहे असं मी म्हणत नाही हं, सरकारने हात आखडता घेतला की फी वाढते, कारभारावरचा खर्च फुगला की वाढते, आणि प्रत्येक ठिकाणी यांचं मिश्रण वेगळं असतं. ते मिश्रण उलगडणं हेच तर काम आहे!

आणि हे काम करून लोकांच्या आयुष्यात फरक पडतो म्हणून मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत आणली की फी आत्ता भरू नका, पुढे कमाई ठराविक पातळीच्या वर गेली की करासोबत थोडी थोडी कापून घेऊ, आणि ती आखण्यात ब्रूस चॅपमन या अर्थतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी कमाईशी जोडलेल्या परतफेडीची कल्पना १९५५ मध्येच लिहून ठेवली होती. उलट जर्मनीत काही राज्यांनी २००० नंतरच्या दशकात फी लावली आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी ती परत काढूनही टाकली. इंग्लंडमध्ये १९९८ ला वर्षाला १००० पौंडांपर्यंत असलेली फी २००६ ला ३००० आणि २०१२ ला ९००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत गेली. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं आहेत आणि प्रत्येकामागे कुणीतरी तुझ्यासारखा तक्ता मांडून बसलेलं होतं.

तर नोकऱ्या असतात का, हो, असतात, फक्त त्यांच्या जाहिराती तुझ्या वयाच्या मुलांपर्यंत पोचत नाहीत. विद्यापीठांच्या वित्त विभागात बजेट बनवणारे लोक असतात, संशोधन ग्रँटचे अर्ज आणि नंतरचा हिशोब सांभाळणारी वेगळी ऑफिसं असतात, स्कॉलरशिप चालवणाऱ्या संस्था असतात, देणग्या मिळवणारे विभाग असतात (यात माणसांशी बोलणं जास्त, आकडे कमी, तुझा स्वभाव बघून ठरव), ऑडिट करणारे असतात, आणि शिक्षणाच्या अर्थकारणावर धोरण सुचवणाऱ्या संशोधन संस्था असतात. तुझ्या ‘का?’ला सगळ्यात जवळची ही शेवटची. त्यासाठी पदवीनंतर अर्थशास्त्रात किंवा सार्वजनिक धोरणात मास्टर्स लागेल, संख्याशास्त्र पक्कं लागेल, आणि एक गोष्ट जी अर्थशास्त्राची मुलं टाळतात ती म्हणजे अकाउंटिंग, ती तू टाळू नकोस. ताळेबंद वाचता येणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

आता बेकिंग. इथे मी जरा स्पष्ट बोलते. घरी पाव करणं आणि बेकरी चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बेकरीत पहाटेच्या आधी सुरुवात, तासन्तास उभं राहणं, जड पोती, गरम ओव्हन, आणि मुख्य म्हणजे रोज तोच पाव तसाच काढणं, गिऱ्हाईकाला काल आवडला तो आज बदललेला चालत नाही. तुझी वही बघता तू एकदाही तीच रेसिपी लागोपाठ दोनदा केलेली नाहीस, कधी पाणी ७० टक्के, कधी मीठ कमी करून यीस्ट किती जोरात काम करतं ते बघितलं, कधी पीठ रात्रभर थंड ठेवलं. तुला पावापेक्षा पावाचं कारण जास्त आवडतं असं मला दिसतं, आणि त्याला जवळचं क्षेत्र म्हणजे अन्नविज्ञान. पिठाला ताण देणारं ग्लूटेनचं जाळं कसं बनतं, पीठ आणि पाणी एकत्र आल्यावर ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांना कशी धरतात, ओव्हनमध्ये आधी यीस्ट मरतं, स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मग वरचा भाग साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात तपकिरी व्हायला लागतो (ही मेयार्ड अभिक्रिया, लुई कमिय मेयार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली), अशा गोष्टींवर पगार घेऊन काम करणारी माणसं आहेत. पण त्या पदवीला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचा पाया मागतात आणि तुझ्याकडे तो नाही, म्हणजे दोन-तीन वर्षं मागे जाऊन सुरुवात. अशक्य नाही, पण त्याची किंमत मोजायची तयारी आहे का ते तपासून बघ.

तपासायची पद्धत सांगते. एका महिन्यासाठी रेसिपी बदलायची नाही. दर आठवड्याला दोनदा एकच पाव, त्याच वजनाचा, ठरलेल्या वेळेला बाहेर काढायचा, आणि दर वेळी किती जवळ गेलीस तेवढंच लिहायचं. शेवटच्या आठवड्यातही तुला सकाळी उठून ते करावंसं वाटलं तर मला परत पत्र लिही, आपण बेकिंगच्या कोर्सचं गंभीरपणे बोलू. कंटाळा आला तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, बेकिंग तुझ्या घरात तुझ्यासाठी राहू दे, त्याला पैसे कमवून दाखवायची सक्ती कशाला करायची. आधी महागडा कोर्स आणि मग हा शोध, असं उलटं मात्र करू नकोस.

सायकल, पक्षी, हिशोब याबद्दल काही ठरवायची गरजच नाही. चालू दे.

आईला काय सांगायचं हेही तू विचारलंयस. त्यांच्या काळजीत मला चूक काही दिसत नाही, त्यांना पाच दिशा दिसतायत आणि पोरगी कुठे पोचेल ते दिसत नाहीये. त्यांना समजावत बसण्यापेक्षा दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखव, आणि पुढच्या सहा महिन्यांत तू नेमकं काय करणार ते एका कागदावर लिहून दे. त्यात एवढंच असू दे की या सत्रात अकाउंटिंगचा एक पेपर किंवा बाहेरचा कोर्स, स्प्रेडशीटवर हात बसवणं, आणि तुझ्या विद्यापीठाच्या मागच्या पाच वर्षांच्या अहवालांवरून दोन पानांचा लेख, विषय एकच, फीचा हिस्सा वाढला की कमी झाला आणि का. महागाईचा हिशोब करून आकडे मांड, नाहीतर सगळंच वाढलेलं दिसेल. तो लेख झाला की विद्यापीठाच्या वित्त अधिकाऱ्यांकडे वेळ माग, नोकरी मागू नकोस, तक्त्यातला एखादा न जुळणारा आकडा घेऊन जा आणि तो समजावून सांगा म्हण. स्वतः वाचून आलेल्या विद्यार्थ्याला लोक वेळ देतात असा माझा अनुभव आहे, आणि इंटर्नशिपचं बोलणं तिथूनच निघू शकतं. सुट्टीतल्या जागांसाठी अर्ज सत्र संपायच्या बरेच आधी करायला लागतात, ते मनात ठेव.

आणि ताजा कलममधला प्रश्न, पाव फ्रीजमध्ये ठेवला तर लवकर कडक का होतो. पाणी उडून जातं हे कारण थोडंसंच आहे. भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड होताना परत घट्ट रचनेत बसायला लागतो आणि फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया बाहेरच्यापेक्षा जास्त वेगाने होते. एक-दोन दिवसांत संपणार असेल तर झाकून बाहेरच ठेव, जास्त दिवस ठेवायचा असेल तर कापून थेट फ्रीझरमध्ये टाक आणि लागेल तेवढे तुकडे काढून गरम कर. वहीत दोन्ही करून बघ, शेवटचा रकाना भरायला सोपं जाईल.