प्रश्न तुमचे : वापरलेलं पेट्रोल इंजिन घ्यावं की सोडावं?

प्रश्न : मॉडेल विमानाचं ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन विकायला आहे. तीन वर्षं कपाटात पडून होतं. पंखा हाताने फिरवला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या दाबलेल्या हवेचा जोर, कमी लागतो. मालक म्हणतो, ‘रिंगवाली इंजिनं अशीच असतात.’ फ्लॅटमध्ये सुरू करून दाखवता येणार नाही. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मालकाचं म्हणणं निम्मं खरं आहे. पिस्टनभोवती रिंग नसलेल्या ग्लो इंजिनात (तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं छोटं मॉडेल इंजिन) पिस्टन वरच्या टोकाला घट्ट बसतो. पेट्रोल इंजिनात रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीतून हवा हळूहळू निसटते, त्यामुळे सावकाश फिरवलं की जोर कमी वाटतो. शिवाय इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतलं तेल ओघळून गेलेलं असतं. प्लग काढून टू-टी तेलाचे चार-पाच थेंब आत सोडा, पंखा दहा-बारा वेळा फिरवा, प्लग लावून पुन्हा बघा. मात्र झिजलेली रिंगसुद्धा तेलाने थोडा वेळ बरी वागते, तेव्हा एवढ्यावर पैसे मोजू नका. आणि पंख्याला हात लावण्याआधी इग्निशनची बॅटरी काढून ठेवा, प्रत्येक वेळी.

खरा निकाल सायलेन्सरमागे असतो. तो खोलायला ॲलन की आणि पाच मिनिटं लागतात. मालक नाही म्हणाला तर सरळ घरी या. टॉर्च लावून एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकातून, बघत पिस्टन सावकाश वर-खाली न्या. पिस्टनवर बारीक उभ्या रेषा चालतात. नख अडकेल अशी चर चालत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर राखाडी, चोपडलेला पट्टा दिसला तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तेल कमी पडून किंवा मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन इंजिन कधीतरी धरलेलं, म्हणजे पिस्टन आत जाम झालेला आहे. या सिलिंडरला आतून कडक धातूचा पातळ थर असतो. जुन्या स्कूटरसारखं बोअर करून घेता येत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच तुकड्यात असल्याने तो अख्खा बदलावा लागतो. असं इंजिन सोडा.

पोर्टमधूनच लाकडी टूथपिकने रिंग दाबा. ती आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे. कार्बनने चिकटली असेल तर साफ करता येते. रिंगखाली पिस्टन तपकिरी पडला असेल, तर जळलेला वायू रिंग ओलांडून खाली जातोय.

आता शाफ्ट, म्हणजे पंखा बसतो तो दांडा. तो दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जरासाही खडखडला तर पुढचं बेअरिंग गेलंय. मागे-पुढे किंचित सरकला तर चालतं. प्लग काढून फिरवताना आत वाळू असल्यासारखं लागलं, तर बेअरिंगला गंज आहे. आपल्याकडे पावसाळ्यात न तेलवता ठेवलेल्या इंजिनांचं हे नेहमीचं दुखणं. बेअरिंग नंबरावर मिळतं, त्यामुळे हा दोष किंमत पाडून घेण्याचा आहे, इंजिन नाकारण्याचा नाही. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि शाफ्टला जोडणारा दांडा) तपासायला पिस्टन मध्यावर आणा, प्लगच्या भोकातून लाकडी काडीने दाबून धरा आणि शाफ्ट किंचित डावी-उजवीकडे हलवा. ‘टक्’ वाजलं आणि काडी हललीच नाही, तर बिग एंड, म्हणजे रॉडचा शाफ्टकडचा सांधा, ढिला झालाय. तो खर्च परवडत नाही.

विमान आपटलेलं आहे का, तेही तपासा. पेनचं टोक पंखा बसवायच्या हबच्या कडेजवळ स्थिर धरून शाफ्ट फिरवा; फट कमी-जास्त झाली की शाफ्ट वाकलाय. सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांच्या फटीत माती आणि एकच नवा बोल्ट दिसला तर माउंटिंगचे (इंजिन विमानाला बसवायचे) कान भिंगाने बघा, चीर तिथेच असते.

कार्ब्युरेटरचं फार मनावर घेऊ नका. आतला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, मऊ हवा. पेट्रोल वाळून तो पापुद्र्यासारखा कडक होतो. पण रिपेअर किट मिळतं. आत पांढरी भुकटी जमून धातू खाल्ला गेला असेल, तर मात्र अख्खा कार्ब्युरेटर बदलावा लागेल असं धरून भाव करा.

स्पार्क शेवटी, आणि बॅटरी जोडायची ती फक्त या तपासणीपुरती, प्लग इंजिनाबाहेर असताना. प्लग कॅपमध्ये घट्ट बसवा, धातूचा भाग सिलिंडरला टेकवा, मग शाफ्ट फिरवा. कॅप रिकामी ठेवून स्पार्क पाडू नका. स्पार्क तयार करणारं इग्निशन मॉड्यूल जळू शकतं.

प्रश्न : घेतलेल्या इंजिनाचा प्लग काळा, तेलकट आहे. फसलो का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. जास्त तेल, रिच मिश्रण (पेट्रोल जास्त, हवा कमी) किंवा बराच वेळ आयडलवर, म्हणजे सर्वात कमी वेगावर, चालवणं, यातलं काहीही असू शकतं. प्लग साफ करा, गॅप ०.४५ ते ०.५ मिलिमीटर ठेवा, फुल थ्रॉटलवर थोडा वेळ चालवून लगेच बंद करा आणि मग रंग बघा. फिकट तपकिरी उत्तम. पांढराफटक, त्यावर धातूचे बारीक ठिपके असतील, तर पिस्टन वितळायला लागलाय. पुन्हा सुरू करू नका.

प्रश्न : पहिल्यांदा सुरू करताना तेल किती? पंपावरचं पेट्रोल चालेल?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर ३०:१, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटर चांगलं टू-टी तेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि डायफ्राम कडक करतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच बनवा, आणि उडवून झालं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालू द्या.