गोळ्यांची पट्टी दाखवा

इंदूर, रविवार सकाळ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई पोह्यांचा डबा घेऊन आली होती. तिच्याकडून कळलं की तू फिल्म युनिटची नर्स म्हणून दीड महिना बाहेर चाललीस, आधी स्वित्झर्लंड, मग केनिया. तिला काळजी थंडीची आणि शाकाहारी जेवणाची. माझी काळजी वेगळी आहे. कॅज्युअल्टीत माणूस आजारी म्हणूनच येतो, तिथे चार वर्षं काढलेल्या तुझ्यासारख्या नर्सला सवय त्याचीच. सेटवर मात्र प्रत्येक जण आपण ठणठणीत असल्याचं सोंग आणत असतो.

मी या कामात शिरलो तो महेश्वरच्या घाटावरून. युनिटला जवळपासचा डॉक्टर हवा होता आणि मी नोकरीतून नुकताच मोकळा झालो होतो. उन्हाने चक्कर, शेवाळावर घसरून मुरगळलेला पाय, फार झालं तर गाडीत घालून दोन तासांत इंदूर. पुढे तेच लोक मला परदेशात घेऊन जायला लागले, आणि मनातलं ते ‘दोन तासांत इंदूर’ काही जाता जाईना.

जॉर्जियात गुदौरीला ते गेलं. जागा बावीसशे मीटरवर, महिना जानेवारीचा, गाण्याचं शूटिंग. ऊन जाईल म्हणून लंच ब्रेक पुढे सरकत साडेतीनवर गेला. जनरेटर व्हॅनपाशी एक लाइटमन कुडकुडत उभा होता, पन्नाशीचा, तीस वर्षं केबल ओढलेला माणूस. मी म्हटलं थंडी. माझं जाकीट दिलं आणि पुढे गेलो. परत आलो तर त्याच्या कपाळावर घाम. उणे आठमध्ये घाम! हाक मारली तर हसला आणि काहीतरी भलतंच बोलला. रक्तातली साखर उतरली असावी म्हणून ती मोजायचा ग्लुकोमीटर काढला, त्यावर एरर. ही यंत्रं साधारण दहा अंशांखाली चालत नाहीत, हे मला वाचून माहीत होतं, पण यंत्र आपलं बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. मग ते काखेत धरलं आणि आकड्याची वाट न बघता स्पॉटदादाच्या डब्यातली चार चमचे साखर पाण्यात घोळून त्याला पाजली. शुद्धीवर होता, गिळत होता, म्हणून पाजली. दहा मिनिटांनी यंत्र जागं झालं तेव्हा, पोटात साखर जाऊनही, आकडा आला 58, म्हणजे अजूनही फार कमी.

सकाळी ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारी डायबिटीसची गोळी, घेतली होती त्याने. ही गोळी दिवसभर काम करते, एकदा साखर चढली म्हणून सुटलो असं होत नाही. त्या रात्री हॉटेलात दर दोन तासांनी त्याचं बोट टोचत बसलो. पहाटे तो म्हणाला, “साहेब, फॉर्मवर डायबिटीस लिहिला असता तर मी इथे आलोच नसतो.” आदल्या शेड्यूलला एका सेटिंगवाल्याने बीपी लिहिलं होतं. त्याचं नाव यादीतून गळालं आणि परदेशाचा भत्ताही गेला. दोन मुलींची फी भरायची असलेला माणूस मग फॉर्मवर ‘नाही’ लिहिणार, नाहीतर काय करणार?

तेव्हापासून मी प्रॉडक्शनच्या फॉर्मवर विसंबत नाही. निघायच्या आधी दोन दिवस प्रत्येकाबरोबर पाच मिनिटं बसतो. “काही आजार आहे का?” हे विचारायचंच नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं, “खिशातली पट्टी दाखवा.” माणूस आजार लपवतो, गोळ्यांची पट्टी मात्र सहज काढून दाखवतो, कारण त्याच्या लेखी तो आजार नसतो, ‘शुगरची गोळी’ असते. कोणी रक्त पातळ करणारी घेतो, कोणी झोपेची. सगळं आपल्या डायरीत उतरव आणि डायरी कोणाच्या हाती देऊ नकोस. प्रॉडक्शनला एवढंच सांग, या माणसाचं जेवण एकला झालंच पाहिजे. का, ते त्यांना कळायची गरज नाही. इन्सुलिनवाला कोणी असेल तर त्याची पेनं केबिन बॅगेत, आणि बर्फात शर्टाच्या आत. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही.

तुझ्या बॅगेबद्दल. आपल्याकडे सर्रास चालणारी औषधं बाहेर तुरुंगात नेतात. इजिप्तमध्ये 2017 साली एका ब्रिटिश बाईला ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या 290 गोळ्या सापडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नैरोबीला जाताना दुबईत थांबा असेल तर ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेसाठी घेतात ते अल्प्राझोलाम यांना तिथे आधी परवानगी लागते. फाइटमास्टरच्या पोरांकडे हमखास असतात ही. स्वतःच्या औषधांची यादी कर, प्रत्येकाचं जेनेरिक नाव लिही, डॉक्टरच्या सहीचं पत्र जोड.

आणि एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझं रजिस्ट्रेशन भारतातलं आहे. परक्या देशात तू सुई टोचलीस आणि काही बिघडलं तर तू बिनपरवाना ठरतेस. शूटिंगची तिथली व्यवस्था बघणाऱ्या लाइन प्रोड्युसरकडून तिथला परवानाधारक मेडिक मागून घे. मग तू कशाला, असं कोणी म्हणेल. तू यासाठी की त्या मेडिकला लाइटमनची भोजपुरी येत नाही, आणि ‘छातीत गॅस झालाय’ याचा अर्थ काय असू शकतो हेही त्याला ठाऊक नाही. पन्नाशीचा माणूस गॅस म्हणाला आणि घामेजला, तर इनो नंतर, ईसीजी आधी.

आता स्वित्झर्लंड. इंटरलाकेनची उंची जवळपास आपल्या इंदूरइतकीच. तिथून युंगफ्राउयोखला रेल्वेने चढलीस की दोनेक तासांत 3454 मीटरवर. शरीराला ही गंमत कळत नाही. आणि वर पोचल्या पोचल्या डान्स मास्टर पोरींना धावायला लावणार. डोकं दुखणं, मळमळ याला हसायचं नाही, खाली पाठवायचं. चालताना झोकांड्या, बरळणं किंवा बसल्या जागी धाप लागली तर पुढच्या गाडीने खाली, ऑक्सिजन लावून, आणि सोबत कोणीतरी. ऊन जातंय, एकच टेक, हे वाक्य तू रोज ऐकशील. उंची बाधू नये म्हणून घेतात ते अॅसिटाझोलामाइड हवं का, ते आधीच डॉक्टरला विचारून ठेव. सल्फाच्या अॅलर्जीचाही प्रश्न असतो.

बायकांचं वेगळं लिहितो, कारण तू बाई आहेस म्हणून तुला ते बोलता येईल. कोरसमधल्या मुली लोकेशनवर पाणीच पीत नाहीत. व्हॅनिटी व्हॅन हिरॉइनची, बाकीच्यांना दीड किलोमीटरवर हॉटेल. मग चक्कर, लघवीला आग, ताप. तू अँटिबायोटिक देत बसण्यापेक्षा प्रॉडक्शन कंट्रोलरशी भांडून एक टॉयलेट जवळ आणव. माझं हे भांडण तीन शेड्यूल चाललं.

तलावात उतरायचा सीन असेल तर स्वतः हात बुडवून बघ. गार पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, पट्टीचा पोहणाराही पाणी गिळतो. हातपाय साथ देतात ते त्यानंतर दहाएक मिनिटंच. 2016 साली बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी दोन अभिनेत्यांनी हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि दोघेही बुडाले. तेव्हा बचावाची बोट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. म्हणून बोट पाण्यात, इंजिन चालू, पोहणारा कपडे काढून तयार, हे तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘रोल’ होणार नाही, एवढं जायच्या आधी लेखी घे. सेटवर मागशील तर मिळणार नाही. तिथे सगळे घाईत असतात आणि तू नवखी.

केनियासाठी पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, ठरावीक सरकारमान्य केंद्रावरच. पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. नसलं तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि युनिटमधला कोणी ना कोणी ते हॉटेलात विसरतोच, म्हणून तूच सगळ्यांची कार्डं गोळा करून ठेव. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर भरपूर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. मच्छर संध्याकाळ ते पहाट चावतो, म्हणजे तुमच्या नाइट शूटची वेळ. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मी केनियात होते’ हे सांगायचं, नाहीतर इथे पावसाळ्यात व्हायरल म्हणून सोडून देतील.

नंबर पाठ कर. स्वित्झर्लंडला अॅम्ब्युलन्स 144, डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलणाऱ्या रेगाचा 1414. नैरोबीत अॅमरेफची विमानं आहेत, 1957 पासून आडरानातून रुग्ण आणतात, पण पैसे कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. शेंगेन व्हिसाला 30,000 युरोचा विमा लागतो, तेवढा काढून प्रॉडक्शनवाले निश्चिंत होतात. साधी पर्यटक पॉलिसी कामावरची इजा, स्टंट, जुना आजार यातलं बहुधा काहीच मानत नाही. पॉलिसी मागव आणि बारीक अक्षरं वाच. लोकेशन ठरलं की तिथून हॉस्पिटलपर्यंत ड्रायव्हरबरोबर एकदा स्वतः जाऊन ये, घड्याळ लावून. नकाशा चाळीस मिनिटं म्हणतो, मेंढरं आडवी आली की सव्वा तास.

पैशाचं एकच, निम्मे आधी घे.

बुधवारी संध्याकाळी येऊन जा. तुझ्या काकूने गुदौरीनंतर मला फ्लॅनेलची एक पिशवी शिवून दिली होती, गळ्यात अडकवून शर्टाच्या आत ठेवायला, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्ससाठी. कपाटात आहे. दोरी कुजली असेल, नवी ओवून घे.

तुझा,
डॉक्टरकाका