त्रिनिदादची ऑफर घेण्याआधी गॅसच्या कराराची तारीख विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटमधून ऑफर आलीय, पण त्रिनिदाद आणि टोबॅगो गॅस निर्यात करत असताना तिथेच गॅसटंचाईच्या बातम्या कशा? मी तिथे काम केलेलं नाही. मात्र नोकरीची सगळी वर्षं अमोनियात गेली, आणि त्या बेटावर एखादा प्लांट थांबला की आमच्याकडे भावाची चर्चा सुरू व्हायचीच.

बातम्या खऱ्या आहेत. २०१० च्या सुमारास तिथे दिवसाला चार अब्ज घनफुटांहून जास्त गॅस निघायचा. आता तो अडीच अब्जांच्या आसपास आलाय. देशाची वस्ती जेमतेम चौदा-पंधरा लाख, तेव्हा घरच्या चुली आणि दिवे यांत गॅस संपतो असं समजू नका. सरकारने १९७५ मध्ये राष्ट्रीय गॅस कंपनी काढली, पॉइंट लिसासला बंदर बांधलं, आणि अमोनिया-मिथेनॉलचे कारखाने एकाला लागून एक उभे राहिले. पुढे १९९९ मध्ये पॉइंट फोर्टिनला एलएनजीचं, म्हणजे निर्यातीसाठी गॅस थंड करून द्रव करण्याचं, पहिलं युनिट सुरू झालं. या धंद्यात युनिटला 'ट्रेन' म्हणतात. २००५ पर्यंत अशा चार ट्रेन झाल्या. पंगत वाढत गेली आणि नंतर भातच कमी पडायला लागला. पहिली ट्रेन २०२० च्या अखेरीपासून बंद आहे.

आता खरी गोम. समुद्रातून गॅस काढणाऱ्या मुख्य कंपन्या बीपी आणि शेल. एलएनजीच्या प्रकल्पातही त्यांची मालकी आहे. कारखान्यांना मात्र गॅस मिळतो राष्ट्रीय गॅस कंपनीकडून: ती उत्पादकांकडून घेते आणि पुढे विकते. बऱ्याच जुन्या करारांत कारखान्याचा गॅसदर अमोनिया किंवा मिथेनॉलच्या बाजारभावाशी बांधलेला असायचा. माल पडला की गॅस स्वस्त, चढला की महाग. कारखानदाराला याहून सोयीचं काय असणार! पण एलएनजीला परदेशात चांगला भाव मिळत असताना नव्या, महागड्या विहिरी खोदणारा उत्पादक म्हणतो, मला जास्त दर द्या. मधली कंपनी दोन्हीकडून दाबली जाते, आणि कराराचं नूतनीकरण आलं की घोडं अडतं.

याचं नमुनेदार उदाहरण मेथानेक्स या मिथेनॉल कंपनीचं. तिथे त्यांचे दोन मिथेनॉल प्लांट, मोठा अॅटलस आणि लहान टायटन. टायटन २०२० पासून बंद होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अॅटलसचा वीस वर्षांचा गॅस करार संपला, तेव्हा कंपनीने मोठा प्लांट थांबवून लहान सुरू केला. यंत्रं ठणठणीत होती, पण दोन्ही चालवण्याइतका गॅस नव्हता.

अमोनियात तर हे जास्त बोचतं, कारण गॅस हाच कच्चा माल आणि हेच इंधन. शेगडीसारखी ज्योत बारीक करून भागत नाही. भार एका मर्यादेखाली गेला की युनिट बंदच करावं लागतं, आणि पुन्हा तापवून चालू करण्यात दिवस जातात. आमच्याकडे एकदा आत येणाऱ्या गॅसचा दाब घसरला, तेव्हा तीन रात्री कंट्रोल रूममध्येच काढल्या होत्या. तुम्हाला ते नव्याने सांगायला नको.

तेलाबद्दलही विचारलंत. तेलाचा जोर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ओसरत गेला. पॉइंट-आ-पिएरची रिफायनरी २०१८ मध्ये बंद झाली, हजारो लोकांची नोकरी गेली. वाईट दिवसांसाठी २००७ पासून एक निधी आहे: तेल-गॅसचा महसूल अंदाजापेक्षा बराच जास्त आला की वरच्या रकमेतला किमान साठ टक्के त्यात टाकायचा. नियम मला आवडतो, पण निधीमुळे पाइपमधला दाब वाढत नाही.

नवा गॅस कुठून येणार? शेलने जुलै २०२४ मध्ये समुद्रातल्या मॅनटी या गॅसक्षेत्राला अंतिम मंजुरी दिली, उत्पादन २०२७ मध्ये सुरू करायचं ठरलंय. माझा भरवसा त्यावर. ड्रॅगन क्षेत्र व्हेनेझुएलाच्या हद्दीत आहे. व्हेनेझुएलावर निर्बंध लादलेल्या अमेरिकेने तिथल्या गॅससाठी २०२३ मध्ये परवाना दिला, एप्रिल २०२५ मध्ये काढून घेतला, ऑक्टोबरमध्ये वाटाघाटींपुरता पुन्हा दिला. त्याच्या जोरावर कोणी तुम्हाला पाच वर्षांची हमी देत असेल तर हसून विषय बदला.

मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा. प्लांटचा गॅस करार कधी संपतो? गेल्या दोन वर्षांत गॅसअभावी किती दिवस बंद होता? आणि बंद काळात परदेशी कर्मचाऱ्यांचं काय केलं? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. बाकी राहायला अडचण नाही, भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे आणि नाश्त्याला 'डबल्स' म्हणून छोले भरलेले दोन बारे मिळतात. बारा म्हणजे आपल्या वड्याचा लांबचा चुलतभाऊ.

कराराची तारीख कळली की इथे लिहा, पुढचं बोलू.